पेटी कोणी केली?

मागच्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा आठवडे कोणी जेवलं नाही. म्हणजे आम्ही जेवत होतो, पण सोफ्यावर, ताटं मांडीवर घेऊन. टेबलावर लेकीचं राज्य होतं. फोमचे तुकडे, कटर, फेविबॉन्डचा डबा, वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेली एक तलवार आणि या सगळ्याच्या मध्ये एक पुठ्ठ्याची पेटी. पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली, "हात लावू नये." खाली बारीक अक्षरात, "बाबा, हे तुझ्यासाठी आहे."

ती चिठ्ठी मी किती मनावर घेतली ते पुढे येईलच.

तर विषय आहे कॉसप्लेचा. ज्यांच्या घरात हे वारं अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉमिक्स, कार्टून, सिनेमा, गेम यांतलं आपलं आवडतं पात्र निवडायचं, त्याचा पोशाख करायचा, तो घालायचा आणि आपल्यासारख्याच इतर वेड्यांच्या मेळाव्यात जायचं. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन्ही शब्द इंग्रजी, पण त्यांची सोयरीक जपान्यांनी जुळवली. नोबुयुकी ताकाहाशी नावाच्या गृहस्थांनी १९८३ साली एका जपानी मासिकात हा शब्द वापरला आणि तो जगभर झाला. प्रकार मात्र त्याहून बराच जुना आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा बावीस वर्षांचा तरुण भविष्यकाळातल्या माणसाच्या पोशाखात हजर झाला. त्याच्याबरोबर मर्टल डग्लस ही त्याची मैत्रीण, तीही तशाच पोशाखात. दोन्ही पोशाख शिवले होते मर्टलबाईंनी. पुढे नाव जास्त झालं ते अ‍ॅकरमनचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. शिवलं कोणी आणि नाव कोणाचं, हा प्रश्न आपल्याच घरी येऊन बसणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

लेक तेव्हा नववीत होती. तिने निवडला तांजिरो. 'डेमन स्लेअर' या जपानी मालिकेचा नायक. कोळसे विकणारा गरीब मुलगा. राक्षस त्याच्या घरच्यांना मारतो, एकटी बहीण वाचते पण तीच राक्षसीण होते. तिला ऊन सोसत नाही, म्हणून हा तिला लाकडी पेटीत बसवून पाठीवर घेऊन हिंडतो. कपाळावर व्रण, कानात पत्त्यांच्या आकाराचे डूल आणि अंगात हिरव्या-काळ्या चौकटींचा सैल अंगरखा, त्याला हाओरी म्हणतात. एवढं सगळं मला आता झोपेतही सांगता येतं.

"मुलगी असून मुलाचं सोंग?" असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. ज्या महाराष्ट्रात बालगंधर्वांचे शालू अजून आठवणीत आहेत तिथे हा प्रश्न निदान पुण्यात तरी कोणी विचारू नये. असो.

माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, वेगळाच प्रश्न विचारला. "अगं, हा मुलगा पाठीवर पेटी कशाला घेऊन फिरतो?" लेकीने सगळी कथा सांगितली. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बहिणीला टाकलं नाही म्हणजे चांगला आहे मुलगा. काढ ते मशीन."

मशीन म्हणजे आईचं पायाचं जुनं उषा. चौकटीचं छापील कापड बाजारात मिळतं, पण आमच्या बाईसाहेबांना तुकडे जोडूनच अंगरखा करायचा होता. आजन्म गोधड्या शिवलेल्या माझ्या आईला यापेक्षा मोठा आनंद कोणता असणार? तरी तिने एकही चौकट स्वतः जोडली नाही. खुर्ची टाकून शेजारी बसायची. पहिल्या दिवशी लेकीने चार-चार इंचांचे वीसेक तुकडे कापले, जोडले आणि पट्टी लावून मोजते तर प्रत्येक चौकोन लहान भरला. रडकुंडीला आली. आई शांतपणे म्हणाली, "माया सोडली नाहीस ना." शिवणाच्या आत जाणारं कापड धरून कापावं लागतं, त्याला शिंपी माया म्हणतात, हे पोरीला त्या दिवशी कळलं. मग सगळं उसवलं. उसवायलाही आईने हात लावला नाही. मी पेपरमागून बघत होतो, मला राहवेना. म्हटलं, "आई, तू अर्ध्या तासात करशील, दे ना करून." आईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला पुढे महिन्याभराने कळला.

इथे जरा मागे जातो. लेक बालवाडीत असताना शाळेत फॅन्सी ड्रेस स्पर्धा होती. ती तुम्हीही भोगली असेल. मुलगा किंवा मुलगी साधारण चार वर्षांची, आणि तिला काय व्हायचंय हे तिला सोडून सगळ्यांना माहीत. आम्ही तिला वांगं केलं होतं. जांभळ्या सॅटिनचं गोल वांगं, डोक्यावर हिरवं देठ, आत जुन्या उशीचा कापूस. देठासाठी मी रात्री दीड वाजेपर्यंत तारा वाकवत बसलो होतो. दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. स्टेजवर गेल्यावर ती एकच वाक्य बोलली, "मला शू लागलीय." तरी दुसरा नंबर आला, कारण वांगं खरंच उत्तम झालं होतं. त्या बक्षिसाचा फोटो कोणी काढला, कोणी मिरवला? मीच. वांग्याच्या आत एक मूल होतं ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट होती.

फॅन्सी ड्रेस आणि कॉसप्ले एकच, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा फरक सांगतो. तिकडे निवड आईबापांची, मेहनत आईबापांची, मूल म्हणजे खुंटी. इकडे पात्र कोणतं हे पोरगं ठरवतं. आपल्याला ते पात्र माहीतही नसतं, नाव उच्चारताना जीभ अडखळते, आणि ते का आवडतं हे समजून घ्यायला आपल्याला त्यांच्याकडे शिकवणी लावावी लागते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलं घरात बोलायची बंद होतात, दार लावून घेतात, "काही नाही" हे एकच उत्तर देतात. त्या वयात एखादी गोष्ट त्यांनी आपण होऊन आपल्याला समजावून सांगावी हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे त्या सहा आठवड्यांत जेवढं बोलणं झालं तेवढं त्याआधीच्या दोन वर्षांत झालं नव्हतं. आणि ते समोरासमोर बसून झालं नाही. एक जण फोम धरतोय, दुसरी कापतेय, दोघांचे डोळे कटरच्या पात्यावर, आणि मध्येच ती सहज म्हणते, "बाबा, शाळेत ना आता माझ्याशी ती दोघी बोलत नाहीत." समोर बसवून विचारलं असतं तर हे वाक्य कधीच आलं नसतं.

फोमबद्दल थोडं लिहितो, कारण मला ते फार आवडलं. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर कोड्यासारखे जुळणारे रंगीत चौकोन असतात ना, तोच हा ईव्हीए फोम. दोन मिलिमीटरपासून दहा मिलिमीटर जाडीपर्यंत मिळतो. आम्ही बोहरी आळीतून आणला. कटरने कापायचा, पातं सारखं बदलायचं, नाहीतर कडा कुरतडल्यासारख्या होतात. हीट गनने गरम केला की मऊ पडतो, गुडघ्यावर दाबून धरला की त्याच आकारात थंड होतो. शिवाय गरम हवेने त्याच्या वरची छिद्रं मिटतात आणि रंग आत शोषला जात नाही. चिकटवायला फेविबॉन्डसारखा गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं. हे थांबणं पोरांना सगळ्यात अवघड जातं. ओला असताना जोडला तर सांधा सुटतो. बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकला की जोडायचा, मग तो निघत नाही आणि चुकला तर सुधारताही येत नाही. खिडक्या उघड्या ठेवायच्या, वास डोक्यात जातो. तलवारीची मूठ तिने आधी थर्माकोलची केली होती. तिच्यावर स्प्रे पेंट मारल्याबरोबर मूठ डोळ्यांदेखत विरघळली. मला हे होणार हे माहीत होतं. सांगू की नको असं करत सांगितलं नाही. आजही वाटतं, ते एक मी बरोबर केलं.

पेटीचं मात्र चुकलं.

मेळावा रविवारी होता. शुक्रवारी रात्री ती दमून झोपली. पेटी टेबलावर होती. पुठ्ठ्यावर फोम चढवून केलेली, लाकडासारख्या रेघा कोरलेल्या. दार एका बाजूला साधारण बोटभर कललेलं. एका कोपऱ्यात फट. माझं अर्धं आयुष्य कारखान्यात मोजमापं घेण्यात गेलं आहे, मला कललेलं दार दिसलं की दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं. म्हटलं, एवढं दार सरळ करू. ते सरळ केल्यावर फट जास्तच दिसायला लागली. ती बुजवली. मग बुजवलेल्या जागेचा रंग वेगळा दिसायला लागला, म्हणून ती बाजू रंगवली. मग उरलेल्या तीन. बिजागऱ्या कापडी पट्टीच्या होत्या, माझ्याकडे पितळी होत्या. पहाटे साडेतीनला पेटी दुकानातून आणल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, सकाळी ती गळ्यात पडेल.

सकाळी तिने पेटी बघितली, दार उघडलं, लावलं. "थँक्स बाबा," म्हणाली आणि दात घासायला गेली. एवढंच. चिठ्ठी मी काढून बाजूला ठेवली होती, ती तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्या आईने मला चहा दिला आणि काही बोलली नाही. बायको बोलली, ते इथे लिहीत नाही. (हे आमच्या घरी वाचलं जातं.)

रविवारी ती पोशाख घालूनच बसने निघाली. जपानमध्ये कॉमिकेट नावाचं प्रचंड मोठं प्रदर्शन भरतं, तिथला दंडक असा की पोशाख घालून घरून यायचं नाही, तिथे येऊन बदलायचा आणि परत जाताना उतरवायचा. उगाच इतर प्रवाशांना त्रास नको. आपल्याकडे असला त्रास कोणी मानत नाही. कंडक्टरने पाठीवरच्या पेटीकडे बघून "नाटक कुठंय?" असं विचारलं आणि पुढच्या बाईंनी पेटीचं दार उघडून आत काय आहे ते बघितलं. सोंगं बघायची सवय आहे आपल्याला. कोकणातला दशावतारी रंग लावायला बसला की पोरं भोवती गोळा होतात, जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे रात्रभर नाचतात. तिथे कोणी कोणाला "अभ्यास सोडून हे काय" असं विचारत नसावं.

हॉलच्या दारात एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, पोशाखातलं काय काय स्वतः केलं आणि काय विकत किंवा दुसऱ्याने केलं. अशा स्पर्धांत परीक्षक जवळ येऊन शिवण बघतात, सांधा कसा केला ते विचारतात, म्हणून हे आधीच लिहून घेतात. मी तिच्या मागे उभा होतो. तिने लिहिलं, हाओरी स्वतः, आजीने शिकवलं. डूल स्वतः. तलवार स्वतः. मग जरा थांबली आणि लिहिलं, पेटी, बाबा.

मी हळूच म्हटलं, "अगं, मी फक्त दार..."

"नाही ना बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. जसं एखाद्याला साधा हिशोब सांगावा तसं.

परीक्षकांनी अंगरखा उलटा करून शिवण बघितली, माया बरोबर सोडलीय म्हणाले. तलवारीच्या मुठीबद्दल विचारलं, तिने थर्माकोल कसा विरघळला ते सांगितलं, सगळे हसले. पेटीबद्दल विचारलंच नाही. तिथे ठेवलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात सफाईदार वस्तू ती होती आणि तिच्याबद्दल बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं. कललेल्या दाराबद्दल ती दहा मिनिटं बोलली असती.

त्या दिवशी मी एका कडेच्या खुर्चीवर बसून बराच विचार केला. तिथे माझ्यासारखे बरेच पालक होते. एक वडील पोराच्या पंखांना पिना लावत होते, पोरगं ओरडत होतं, "डावीकडे, डावीकडे" आणि ते निमूटपणे डावीकडे लावत होते. दुसरीकडे एक आई मुलीला सारखी सांगत होती, पदक मिळालेल्यांसारखी पोज दे. मुलगी तशी उभी राहत होती आणि तिचा चेहरा माझ्या ओळखीचा होता. वांग्यातला चेहरा. आपण मुलांच्या हौसेला विरोध करतो तेव्हा निदान आपल्याला कळतं तरी की आपण विरोध करतोय. पाठिंबा देता देता ती हौस काढून घेतो तेव्हा ते कळतही नाही, उलट आपण किती चांगले पालक म्हणून लोक पाठ थोपटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या छंदात बापाची जागा बिगाऱ्याची आहे, मिस्त्रीची नाही. सामान आणावं, धरायला सांगितलं ते धरावं, खिडकी उघडावी, हीट गन कोणाच्या हातात आहे यावर डोळा ठेवावा.

डोळा ठेवण्यावरून आठवलं. एक गृहस्थ, साधारण माझ्याच वयाचे, लेकीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागले. विचारलं नाही, काही नाही. मी खुर्चीवरून उठेपर्यंत दुसऱ्याच कुठल्याशा मालिकेतला एक कॉलेजचा मुलगा मध्ये आला आणि म्हणाला, "काका, आधी विचारायचं असतं." काका ओशाळले. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली मोठमोठ्या पाट्या लागल्या होत्या, त्यांचा मतितार्थ असा की पोशाख म्हणजे परवानगी नव्हे. ती पाटी या मुलांच्या अंगवळणी पडली आहे, आपल्या पिढीच्या नाही. तेव्हा ज्यांना काळजी वाटते त्यांनी मुलांना घरी बसवू नये, बरोबर जावं. जाऊन कडेच्या खुर्चीवर बसावं. फोटो कुठे जाणार आहेत ते विचारावं. मी यापुढे दाराजवळची खुर्ची धरणार आहे, उठायला बरी पडते.

खर्चाचं सगळे विचारतात. आम्हाला सगळं मिळून अठराशेच्या आसपास पडलं, त्यातल्या पितळी बिजागऱ्या माझ्या. तयार पोशाखही मिळतो, आणि तो घालून येणाऱ्याला तिथे कोणी कमी लेखत नाही. अभ्यासाचं म्हणाल तर सहामाहीत गणितात चार मार्क कमी पडले. ते कॉसप्लेमुळे की गणितामुळे ते मला सांगता येणार नाही.

बक्षीस मिळालं नाही. परत येताना बसमध्ये तिने पेटी मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, "माझं चुकलं." ती खिडकीबाहेर बघत होती. लक्ष्मी रोड गेल्यावर म्हणाली, "तसं बघितलं तर खऱ्या गोष्टीत पण ती पेटी तांजिरोने नाही केली."

"मग?"

"त्याच्या गुरूने करून दिली. उरोकोदाकी म्हणून आहे. म्हातारा. पुढच्या वेळी तू तो हो."

मी म्हातारा या शब्दाला हरकत घेतली. ती म्हणाली, त्याच्या तोंडावर कायम लाल मुखवटा असतो, त्यामुळे कोणी ओळखणार नाही, ऑफिसात कळणार नाही. फक्त एक अट आहे. मुखवटा मी स्वतः करायचा, ती हात लावणार नाही.

तेव्हा सध्या टेबलावर माझं राज्य आहे. कागदाचा लगदा, मेथीच्या पिठाची खळ, फुग्यावर थर देऊन केलेला चेहरा. उरोकोदाकीचं नाक चांगलं वीतभर लांब आहे आणि ते ओलं असताना खाली लोंबतं. दोनदा पडलं. लेक येता-जाता बघते, तोंडावर हात धरते आणि काही बोलत नाही. आईने फक्त एवढं विचारलं की आत काडी घातली आहेस का? घातली नव्हती. आज तिसरं नाक लावलंय, आत काडी घालून. सकाळपर्यंत वाळेल बहुतेक.